धूर सगळ्यांना दिसत होता : टस्कीगीचा अभ्यास आणि एका कर्मचाऱ्याची दोन पत्रं

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' नावाचा दोन क्रेडिटचा पेपर असतो. ज्यांचं रजिस्ट्रेशन व्हायचंय त्यांनाही तो लवकरच भेटेल. त्यात टस्कीगी हे नाव हमखास येतं आणि बहुतेक ठिकाणी दोन ओळींत संपतं : अमेरिका, १९३२ ते १९७२, सिफिलिस झालेले काळे शेतकरी, उपचार दिले नाहीत, संमती घेतली नाही. परीक्षेला एवढं पुरतं. मीही एवढंच लिहून आले होते.

पेपर झाल्यावर मात्र एक साधा प्रश्न डोक्यात राहिला. चाळीस वर्षं चाललेली गोष्ट १९७२ मध्येच का थांबली? कुणी छापा टाकला नव्हता. नवा पुरावाही सापडला नव्हता. थांबली ती एका माजी कर्मचाऱ्याने कागदपत्रं पत्रकाराच्या हातात दिली म्हणून. मग पुढचा प्रश्न असा की त्या चाळीस वर्षांत या अभ्यासाशी संबंध आलेले डॉक्टर, नर्स, संख्याशास्त्रज्ञ, कारकून कितीतरी होते. त्यांतला हाच का बोलला?

व्हिसलब्लोअरला आपल्या वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा छान शब्द दिलाय. पण गावचा जागल्या रात्री गस्त घालायचा ते त्याचं नेमून दिलेलं काम होतं. त्याने ओरडणं अपेक्षितच होतं. ऑफिसातल्या जागल्याला कुणी नेमलेलं नसतं, उलट त्याने ओरडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. तरी तो का ओरडतो, हा आजचा विषय.

आधी अभ्यास नेमका काय होता ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अलाबामा राज्यातली मेकन काउंटी. कापसाची शेती, जमीन दुसऱ्याची, कसणारे काळे आणि कर्जात बुडालेले. तिथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने (पुढे तिला 'सेवा'च म्हणते) १९३२ साली एक निरीक्षण सुरू केलं : सिफिलिस म्हणजे उपदंश, त्यावर उपचार झाला नाही तर शरीरात काय काय होत जातं? आजार असलेले ३९९ पुरुष आणि तुलनेसाठी आजार नसलेले २०१. सुरुवातीचा विचार जेमतेम सहा-आठ महिन्यांचा होता. माणसांना सांगितलं गेलं की तुमचं 'रक्त खराब' आहे, आम्ही बघतोय. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेदनादायक तपासणी 'खास मोफत उपचार' म्हणून पत्र पाठवून केली गेली. मेल्यावर शवविच्छेदन करता यावं म्हणून अंत्यविधीचा खर्च देऊ केला गेला. हे त्या कुटुंबांसाठी छोटं आमिष नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्यभरतीत कुणाला सिफिलिस निघाला तर उपचार व्हायचे. आपली माणसं त्यात जाऊन बरी होऊ नयेत म्हणून भरती मंडळाला नावांची यादी दिली गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा मान्य उपचार झाला. अभ्यास चालूच राहिला.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी माझ्या नोट्समध्ये नव्हती : हे गुपित नव्हतंच. पहिला पेपर १९३६ साली छापून आला. नंतर दर काही वर्षांनी येत राहिले. शीर्षकातच 'उपचार न झालेला सिफिलिस' असे शब्द, आणि तेही नावाजलेल्या जर्नल्समध्ये. १९५३ च्या पेपरमध्ये तर इतकी वर्षं माणसं कशी टिकवून ठेवली, हा अनुभव अभिमानाने मांडलाय. त्याच्या लेखकांत युनिस रिव्हर्स यांचं नाव पहिलं आहे. या स्वतः काळ्या, टस्कीगीशी जोडलेल्या नर्स. त्याच त्या माणसांना गाडीतून तपासणीला न्यायच्या, घरी जाऊन विचारपूस करायच्या. माणसांचा भरवसा सेवेवर होता त्यापेक्षा जास्त या नर्सबाईंवर होता. १९५८ मध्ये त्यांना केंद्रीय आरोग्य खात्याचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सहभागी माणसांना प्रमाणपत्र आणि २५ डॉलर मिळाले, वर्षाला एक डॉलर या हिशोबाने.

रिव्हर्सबाईंना खलनायिका ठरवून पुढे जाणं सोपं आहे. मला ते जमत नाही. त्या काळात, त्या गावात, काळ्या बाईला गोऱ्या डॉक्टरचा आदेश मोडणं म्हणजे काय होतं याचा अंदाज पुण्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत बसून येत नाही. शिवाय त्या माणसांना एरवी कुणी डॉक्टर बघतही नव्हता. निदान कुणीतरी बघतंय, असं त्यांना वाटणं शक्य आहे. चुकीचं काम करणारी माणसं रोज सकाळी 'आज मी चुकीचं करणार' असं म्हणून घराबाहेर पडत नाहीत, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

म्हणजे माहिती उघड होती. पण वाचणाऱ्याला ती खटकायला हवी होती.

खटकलेला एक माणूस, ज्याचं पत्र आज उपलब्ध आहे, तो सेवेचा कर्मचारीच नव्हता. अर्विन शाट्झ हे डेट्रॉइटमधले तरुण हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी १९६४ चा पेपर वाचला आणि १९६५ मध्ये लेखकांना तीनच वाक्यांचं सडेतोड पत्र लिहिलं. पेपरच्या एका लेखिकेने त्यावर टिपण जोडलं : अशा प्रकारचं हे पहिलंच पत्र आहे, उत्तर देण्याचा माझा विचार नाही. पत्र फाइलला लागलं. एकोणतीस वर्षं पेपर छापून येत होते आणि त्यांच्या म्हणण्यानुसार असं पत्र पहिलंच! पीअर रिव्ह्यूवर फार विसंबू नका, असं एवढ्यावरूनच म्हणावंसं वाटतं, पण तो वेगळा विषय.

मग आला पीटर बक्सटन. जन्म प्रागमधला, १९३७ चा. वडील ज्यू. तो तान्हा असतानाच कुटुंब युरोप सोडून अमेरिकेत आलं. १९६५ च्या डिसेंबरमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत सेवेच्या नोकरीला लागला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणजे साधारण माझ्या वयाचा, हे वाचून जरा थबकायला झालं. तो डॉक्टर नव्हता. काम असं : सिफिलिस किंवा गनोरिया झालेल्यांना भेटायचं, त्यांचा कुणाकुणाशी संबंध आला ते विचारायचं, त्या माणसांना शोधून उपचाराला आणायचं.

हे काम लक्षात ठेवा. सगळं त्यात आहे.

एक दिवस चहा-कॉफीच्या खोलीत सहकारी बोलत होते ते त्याच्या कानावर पडलं. अलाबामातला एक म्हातारा आजाराने पार भ्रमिष्ट झाला, तेव्हा घरच्यांनी त्याला लांबच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सिफिलिस ओळखून पेनिसिलिन दिलं. तर त्या डॉक्टरलाच वरून बोलणी बसली, की आमच्या अभ्यासातला माणूस तुम्ही बिघडवलात! बक्सटनला हे खरंच वाटेना. आपण दिवसभर रस्त्यारस्त्यावर सिफिलिसचे रोगी शोधतो, इंजेक्शन घ्या म्हणून मागे लागतो, आणि आपलंच खातं तिकडे इंजेक्शन दिलं म्हणून डॉक्टरला झापतं?

त्याने पुढे जे केलं ते आपल्या कामाचं आहे. त्याने आरडाओरडा केला नाही. अटलांटातल्या सीडीसीकडे या अभ्यासाची कागदपत्रं मागितली. आणि त्यांनी ती पाठवली, जाडजूड पाकिटातून! लपवायचं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. ते वाचल्यावर तो ग्रंथालयात गेला, नाझी डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्याची माहिती काढली, दोन्हीची तुलना करणारं टिपण तयार केलं आणि वरिष्ठाला दाखवलं. वरिष्ठ घाबरले. बक्सटनने नंतर मुलाखतींत सांगितलंय की ते म्हणाले, तुला काढायला येतील तेव्हा माझं नाव विसर, मला बायको आहे, मुलं आहेत.

नोव्हेंबर १९६६ मध्ये त्याने सेवेच्या गुप्तरोग विभागाच्या प्रमुखांना पत्र लिहून गंभीर नैतिक आक्षेप नोंदवले. मार्च १९६७ मध्ये त्याला अटलांटाला बोलावून घेतलं. तिथे डॉ. जॉन कटलर यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं : हे शास्त्र आहे, तुला काय कळतं! अभ्यास थांबला नाही. त्याच वर्षी बक्सटनने नोकरी सोडली आणि कायद्याच्या शिक्षणाला लागला.

इथे थांबून हेतूबद्दल बोलायला हवं, कारण इतिहास लिहिताना हेतू ही सगळ्यात निसरडी जागा असते. पत्र हा त्या वेळचा पुरावा. कॉफीच्या खोलीचा किस्सा आणि वरिष्ठांचं वाक्य मात्र बक्सटनच्या आठवणीतून आलेलं आहे. माणूस बोलून मोकळा झाल्यावर 'मी का बोललो' याची गोष्ट नकळत नीटनेटकी होत जाते. म्हणून 'त्याने असं का केलं' याचं उत्तर देताना त्याने काय सांगितलं याच्याइतकंच तो कुठे उभा होता हेही बघावं लागतं.

तो कुठे उभा होता? एक, त्याच्या हातात बाहेरची फूटपट्टी होती. डॉक्टरांच्या मते न्यूरेंबर्ग म्हणजे जर्मनांचा प्रश्न, आपला नाही. युरोपातून निघालेल्या ज्यू बापाच्या मुलाला ते तितकं लांबचं नव्हतं. दोन, रोजच्या कामातच विरोध होता. एकच खातं, एकच आजार, एका शहरात उपचार कर म्हणून पगार देतं आणि दुसऱ्या गावात उपचार होऊ नये म्हणून झटतं. तीन, आणि हे वीरगाथांमध्ये सांगत नाहीत, त्याच्याकडे गमावण्यासारखं कमी होतं. वैद्यकीय करिअर नव्हतं, बायकोमुलं नव्हती. म्हणून त्याचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. पण त्याचे वरिष्ठ मनाने वाईट होते असंही म्हणता येत नाही.

या तिसऱ्या मुद्द्यावर विचार करताना मला एक प्रयोग आठवतो. मानसशास्त्रवाले ओळखतील. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झडपेतून आत धूर सोडला. खोलीत एकटाच असेल तर ७५ टक्के विद्यार्थी उठून बाहेर सांगायला गेले. सोबत प्रयोगकर्त्यांचीच दोन माणसं ढिम्म बसलेली असतील तर फक्त १० टक्के. आणि तिघंही खरेच विद्यार्थी असतील तर ३८ टक्के गटांतून कुणीतरी सांगितलं. न उठलेले डोळे चोळत होते, खोकत होते, हाताने धूर बाजूला सारून प्रश्नावली भरत होते. नंतर विचारल्यावर, ही आग नव्हेच असं धरून चाललो, असं त्यांनी सांगितलं. वाफ असेल, एसीचा काहीतरी घोटाळा असेल, अशी कारणं दिली. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. भीतीने गप्प बसणं ही नंतरची पायरी झाली. इतरांचे चेहरे शांत दिसले की ही आग आहे हेच आधी आपल्याला पटत नाही.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला असताना मी अशा खोलीत बसले होते. शेजारच्या बेंचवरच्या सीनियरने एका प्रयोगातल्या दोन रीडिंग्ज काढून टाकल्या, कारण त्यामुळे एरर बार फार मोठा येत होता. कारण कुठेच लिहिलं नाही. आलेख सुंदर झाला, पोस्टरवर गेला. मी ते बघितलं होतं, रीडिंग्ज मीच उतरवून दिल्या होत्या. लॅबमध्ये कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, त्यामुळे मला वाटलं असंच करतात बहुतेक. आउटलायर असेल. माझी वाफ ती. टस्कीगीशी याची तुलना करायचा उद्देश नाही, तिथे माणसं मेली. पण 'मी असते तर नक्की बोलले असते' असं जेव्हा आपण ती दोन ओळींची नोट वाचताना मनात म्हणतो, तेव्हा ते तितकं खरं नसतं, एवढं मला माझ्यापुरतं माहीत आहे.

बक्सटनचं दुसरं पत्र नोव्हेंबर १९६८ चं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, शहरं पेटली होती. आता तो सेवेचा नोकरही नव्हता. या पत्रात त्याने दाखवून दिलं की अभ्यासातले सगळेच्या सगळे काळे आहेत आणि हे बाहेर आलं तर काय होईल याचा विचार करा. नैतिक पत्राने जे झालं नाही ते या पत्राने झालं, निदान वरवर तरी. फेब्रुवारी १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली. उपचार द्यावेत असा आग्रह धरणारा एकच डॉक्टर होता, जीन स्टॉलरमन. बाकीच्यांनी अभ्यास चालू ठेवायचं ठरवलं. स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेचा पाठिंबा घ्यावा असंही ठरलं. तिथले बहुसंख्य डॉक्टर आता काळे होते. त्यांनी पाठिंबा दिला.

याच सुमारास सेवेतच बिल जेंकिन्स नावाचा एक तरुण काळा संख्याशास्त्रज्ञ होता. त्यालाही कळलं. त्याने वरिष्ठांना विचारलं, तर काळजी करू नकोस म्हणाले. पुढे कळलं की ते वरिष्ठ स्वतःच या अभ्यासाच्या आकडेवारीत होते. जेंकिन्स आणि मित्रांनी वर्तमानपत्रांना लिहिलंही, पण कुणी छापलं नाही. हेतू तोच, हिंमतही तीच. फरक असा की बक्सटनकडे ते जाडजूड पाकीट होतं आणि योग्य वेळी योग्य माणूस भेटला. जुलै १९७२ मध्ये त्याने कागद एडिथ लेडरर या पत्रकार मैत्रिणीला दिले, तिने ते एपीच्या जीन हेलर यांच्याकडे पोहोचवले. २५ जुलैला बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर होती. सिफिलिस असलेल्यांपैकी तेव्हा ७४ जण जिवंत होते. वर्ष संपायच्या आत अभ्यास बंद झाला.

आपल्याकडे असं काही निघालं की पहिला प्रश्न येतो, 'याला काय मिळणार होतं?' अमेरिकेत तर असं सांगणाऱ्याला वसुलीतला वाटा देणारा कायदा १८६३ पासून आहे. रॅनबॅक्सी प्रकरणात दिनेश ठाकूर यांना त्याच कायद्याने २०१३ मध्ये ४ कोटी ८० लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली. हा आकडा ऐकला की हेतू सापडला असं वाटतं. पण तारखा लावून बघा. औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासायचं काम त्यांच्याकडे २००४ मध्ये वरिष्ठांनीच दिलं होतं. अहवाल आधी कंपनीतच वर गेला. ते वरिष्ठ बाहेर पडले, २००५ मध्ये ठाकूरही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पहिला ईमेल त्यांनी खोट्या नावाने केला. बक्षिसाच्या आशेने निघालेला माणूस सहसा नाव लपवत नाही. मधल्या काळात त्यांच्या लहान मुलाला कंपनीचंच अँटिबायोटिक दिलं होतं आणि ताप उतरला नव्हता, असं त्यांनी सांगितलंय. पुन्हा तोच रोजच्या कामातला विरोध, फक्त इथे तो घरात येऊन बसला.

आणि सुरक्षितता मिळाली तरच माणसं बोलतात म्हणावं, तर सत्येंद्र दुबे आहेत. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामावर झारखंडमध्ये. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी गैरव्यवहाराबद्दल थेट पंतप्रधानांना लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. सीबीआयच्या तपासाने तो लुटीचा प्रकार ठरवला. देश हादरला आणि २००४ मध्ये तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याबाबतचा सरकारी ठराव आला.

या तिघांत एक गोष्ट समान दिसते. तिघंही आधी आपल्याच व्यवस्थेकडे गेले. बक्सटनने सहा वर्षांनी पत्रकार गाठला, ठाकूरांचा अहवाल आधी कंपनीत गेला, दुबेंनी सरकारच्या प्रकल्पाबद्दल सरकारलाच लिहिलं. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० च्या त्याच्या छोट्या पुस्तकात मांडलंय की संस्थेत बिघाड दिसला की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलणं. कोणती वाट धरली जाईल हे बऱ्याचदा निष्ठेवर ठरतं, आणि निष्ठा असलेलाच बोलण्याचा खटाटोप करतो. ऑफिसात नेमकं उलटं समजतात. बोलला म्हणजे फितूर.

कटलर यांची गोष्ट अर्धवट राहिली. बक्सटनला झापणाऱ्या याच डॉक्टरांनी १९४६ ते १९४८ मध्ये ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण करून प्रयोग केले होते. तिथून कागदांचं पाकीट घेऊन कुणी बाहेर पडलं नाही. इतिहासकार सुझन रिव्हर्बी यांना टस्कीगीवर काम करताना पिट्सबर्ग विद्यापीठात ठेवलेल्या कटलर यांच्या कागदांत ते सापडलं, आणि २०१० मध्ये अमेरिकेने माफी मागितली. साठ वर्षांनी. टस्कीगीनंतर १९७४ चा संशोधन कायदा आला, १९७९ चा बेलमाँट अहवाल आला, आपल्याकडे आयसीएमआरचं पहिलं धोरणपत्र १९८० चं. तुम्ही एथिक्स कमिटीचा जो कंटाळवाणा फॉर्म भरता, त्याच्या वंशावळीत त्या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या कर्मचाऱ्याचं पत्र आहे. बक्सटन २०२४ च्या मे महिन्यात वारला. बातमी बाहेर यायला जुलै उजाडला.

माझी एम.एस्सी.ची नोंदवही आईने माळ्यावर टाकली होती, दिवाळीत काढून आणली. त्या दोन रीडिंग्ज माझ्याच अक्षरात आहेत, तारखेसकट. सीनियरला पानाचा फोटो पाठवून विचारलंय की या का काढल्या होत्या. कारण असेलही. मेसेजवर निळ्या खुणा दिसताहेत, उत्तर अजून आलेलं नाही.